जानेवारीतले चार शब्द

“सांग बघू आता, कुठले कुठले आठवतात?” स्पर्धेने सामन्यासाठी नेमलेल्या डॉक्टर इराओला म्हणाल्या.

देर्लिस तपासणीच्या पलंगावर पाय खाली सोडून बसला होता. गुडघ्यांना चिखल, कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ, आणि चेहऱ्यावर त्याचं ते नेहमीचं हसू. फक्त आज ते हसू जरा वाकडं बसलं होतं. त्याने छताकडे पाहिलं.

“साबण,” तो म्हणाला. “पूल. मेंढी.” मग बराच वेळ काहीच नाही. बाहेर मैदानावर शिट्टी वाजली, लोक ओरडले. “आणि… चमचा.”

“अजून?”

“बस. एवढेच.”

दहा शब्द वाचून दाखवले होते, परत आले चार. डॉक्टरांनी फाईलमधला जुना कागद वर काढून शेजारी ठेवला आणि त्यावर पेन टेकवलं. “चार. जानेवारीतही चारच. म्हणजे फरक नाही.”

दाराशी उभ्या असलेल्या एउसेबिया ओव्हेलारने तो कागद लांबूनच ओळखला.

फरक नाही! ज्या माणसाला रेषेबाहेर गेलेला चेंडू आत फेकायच्या चाळीस निरनिराळ्या खुणा तोंडपाठ, कुठली खूण कुठल्या सामन्यात वापरली हेसुद्धा जो सांगायचा, त्याला दहातले चार शब्द आठवले, तेही घाम गाळून. आणि कागद म्हणत होता, फरक नाही. कारण कागद खोटा होता. आणि त्या खोट्या कागदाखाली सही होती एउसेबियाची.

तिला एउसेबिया कोणीच म्हणत नसे. आसुन्सिओन शहरात वयाने मोठ्या बाईला नुसत्या नावाने हाक मारायची पद्धत नाही, त्यामुळे सगळ्या तारुमा रग्बी संघाची ती न्या सेबी, म्हणजे सेबीबाई. सरकारी दवाखान्यात सव्वीस वर्षं परिचारिका, त्यातली एकोणीस अपघात विभागात. रग्बीशी तिचा संबंध एवढाच, की नवरा असताना तो क्लबच्या मैदानाचं गवत राखायचा. तो गेला आणि शनिवार-रविवार घर खायला उठायला लागलं, म्हणून ती औषधांची पेटी घेऊन मैदानाच्या कडेला येऊन बसायला लागली. पोरांची बोटं बांधायची, भुवया शिवायची, शिव्या घालायची. देर्लिसची हनुवटी तिने तो अकरा वर्षांचा असताना शिवली होती. तेव्हाही तो हसतच होता, गाढव.

मग ही शेजारी देशांच्या संघांची स्पर्धा आली. आधी काय होतं? दोन वर्षांतून एकदा शेजारी देशात जायचं, साठ-सत्तर गुणांनी मार खायचा, आणि परत येताना बसमध्ये गाणी म्हणायची. चिलीवाले, ब्राझीलवाले, उरुग्वेवाले यांना आमची कीव यायची, अर्जेंटिनावाल्यांना तर आम्ही आठवायचोही नाही. स्पर्धेने हे सगळं बदललं. आठवडाआड सामना, कधी सांतियागो, कधी साओ पावलो, कधी कॉर्दोबा. पोरांना पगार सुरू झाला. फरशा बसवणारा देर्लिस कर्णी ठेवून पूर्णवेळ हूकर झाला, म्हणजे पुढच्या फळीत मधोमध रेटणारा आणि बाहेर गेलेला चेंडू आत फेकणारा. साठ गुणांचा फरक पहिल्या वर्षी तिसावर आला, दुसऱ्या वर्षी दहावर. परवा ब्राझीलवाल्यांना हरवलं तेव्हा विमानतळावर बँड आला होता! पण स्पर्धेच्या समितीने अजून कायमची जागा दिली नव्हती. संघ नीट चालवून दाखवा, कागदपत्रं चोख ठेवा, मग बघू, असं त्यांचं म्हणणं.

त्या कागदपत्रांतलाच हा एक कागद. हंगाम सुरू व्हायच्या आधी प्रत्येक खेळाडूची परीक्षा घ्यायची. दहा शब्द ऐकवायचे, आकडे उलटे म्हणायला लावायचे, एका रेषेवर पावलापुढे पाऊल ठेवून चालवायचं. धडधाकट असताना किती जमतं ते लिहून ठेवायचं, म्हणजे पुढे कुणाच्या डोक्याला मार बसला की ताडून बघता येतं. युक्ती चांगली. पण जानेवारीत त्या उकाड्यात एकेक जण आत येत गेला आणि एकेक जण दहातले तीन किंवा चारच शब्द सांगत गेला, तेव्हा सेबीच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. बाहेर तेरेरेचा गार पेला फिरत होता आणि खिदळणं चाललं होतं. “चारच्या वर कोणी जायचं नाही हां! गेला त्याने सगळ्यांना जेवण द्यायचं!”

आता मुद्दाम नापास व्हायचं, म्हणजे पुढे डोकं आपटलं तरी पास. एवढं साधं गणित. डोकं वाचवायला जो कागद केला, त्यालाच या शहाण्यांनी डोकं फोडायचा परवाना करून टाकला.

“अरे गाढवांनो, मला काय आंधळी समजता?” ती तेव्हा ओरडली होती.

“न्या सेबी, जाऊ द्या ना,” देर्लिस तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला होता. “सगळेच संघ करतात. आम्हाला काही होत नाही. तुम्ही आहात की.”

आणि तिने लिहिलं होतं. चार, तीन, चार, चार. एकतीस खेळाडू, एकतीस सह्या. तिलाही वाटलं होतं, काय होतंय. खरं सांगायचं तर तिलाही बँड हवा होता.

“आता मी आकडे सांगते, तू उलटे म्हण,” डॉक्टर म्हणाल्या. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं. डोक्याला लागलेल्याला परत खेळू द्यायचं की नाही, याचा निकाल बारा मिनिटांत द्यायचा असतो, त्यातली पाच झाली होती. आमच्या संघाचा स्वतःचा डॉक्टर आसुन्सिओनलाच राहिला होता, त्याची बायको बाळंतीण. त्यामुळे संघाच्या बाजूने खोलीत एकटी सेबी.

देर्लिसने तीन आकडे उलटे म्हटले, चौथ्याला अडखळला. जानेवारीतही तीनच. मग तो रेषेवर चालला. तिसऱ्या पावलाला तोल गेला, सहाव्याला गेला, परत फिरताना गेला. जानेवारीत त्याने असंच तीनदा झोकांडी खायचं नाटक केलं होतं आणि बाहेरच्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या. आज तो नाटक करत नव्हता.

सेबीला लुके गावचा तो पोरगा दिसायला लागला. चौदा वर्षं झाली, पण ती त्याला विसरू शकली नव्हती. बावीस वर्षांचा. आधीच्या शनिवारी डोक्याला लागलं होतं, कोणाला सांगितलं नाही, पुढच्या शनिवारी परत खेळला आणि परत लागलं. फार नाही, साधाच धक्का. दवाखान्यात चालत आला. चार वाजता पाणी मागितलं, तिच्याशी थट्टा केली. सहा वाजता तिने त्याच्या अंगावर चादर ओढली. बाहेर त्याची आई अजून घरून आणलेला चीपा पाव कागदात गुंडाळून बसली होती, पोराला भूक लागली असेल म्हणून.

दार धाडकन उघडलं आणि बेरुत्ती आत डोकावला. तारुमाचा प्रशिक्षक, अर्जेंटिनाचा, तुकुमानचा. बोलायला लागला की शेजारच्या गल्लीत ऐकू यायचं.

“झालं का? पाच गुणांनी पुढे आहोत आपण! अठरा मिनिटं राहिलीत, आणि मी याच्या जागी त्या राखीव तोरिबिओला घालून बसलोय! त्याचा एक थ्रो सरळ जाईल तर शपथ!”

“दार लावा,” डॉक्टर इराओला मान वर न करता म्हणाल्या. त्याने लावलं, पण बाहेरून त्याची सावली काही काचेवरून हलली नाही.

डॉक्टरांनी देर्लिसच्या डोळ्यांवर बॅटरी फिरवली. “दुखतंय?”

“नाही.”

“मळमळ?”

“अजिबात नाही, डॉक्टर. भूक लागलीय.” मग सेबीकडे न बघता, डॉक्टरला कळू नये म्हणून आपल्या गुआरानी भाषेत, हळूच, “न्या सेबी, गप्प राहा हं. काही बोलू नका.”

जीभ जड होती त्याची. दारू प्यायलेल्या माणसाची नव्हे, झोपेतून उठवलेल्या मुलाची.

“तुम्ही याला रोज बघता,” डॉक्टर आता तिच्याकडे वळल्या. पन्नाशीच्या, बारीक केस कापलेल्या, शांत बाई. “कागदावर तर सगळं जानेवारीसारखंच आहे. तुम्हाला काही वेगळं वाटतंय का? वाटत असेल तर सांगा, मी थांबवते.”

सांगा! किती सोपं. सेबी भ्यायली होती, सपशेल भ्यायली होती, आणि भीती एक नव्हती. देर्लिस परत आत गेला आणि पहिल्याच स्क्रममध्ये, दोन्ही संघांच्या त्या रेटारेटीत, आठ माणसांचं वजन त्याच्या मानेवर आलं तर? आणि ती बोलली तर? कागद खोटे होते हे निघालं की समितीसमोर तारुमाचं काय राहणार? तीन वर्षांचं काम, पोरांचे पगार, विमानतळावरचा बँड, सगळं तिच्या एकतीस सह्यांवर येऊन आपटणार. आणि नोकरी? सरकारी दवाखान्याच्या परिचारिकेने खोटे अहवाल लिहिले, हे वर्तमानपत्रात यायला कितीसा वेळ?

“मला तो बरा वाटत नाही,” ती म्हणाली.

“म्हणजे? काय दिसतंय?”

“बोलणं जड आहे. आणि शब्द… त्याला जास्त यायला हवे होते.”

“जानेवारीत चारच आले होते.”

“जानेवारीत त्याला दहा येत होते.”

देर्लिसने मान वर केली.

“न्या सेबी,” तो म्हणाला. आता गुआरानीत नव्हे, सरळ स्पॅनिशमध्ये. “न्या सेबी, नको.”

“त्याने तेव्हा मुद्दाम चुकीचं सांगितलं,” सेबी म्हणाली. तिला स्वतःचा आवाज परका वाटत होता. “पुढे लागलं तर पास व्हावं म्हणून.”

“फक्त याने?”

“हो. याने.”

डॉक्टरांनी फाईलची पानं उलटायला सुरुवात केली. एक पान, दुसरं पान. तीन. चार. चार. तीन. पाचव्या पानाशी त्या थांबल्या. “अख्खा संघच विसराळू आहे?”

सेबीने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. तीन मिनिटं राहिली होती. एवढी घसरण झालीच आहे, तर आता अर्ध्यावर काय थांबायचं, असं काहीसं तिच्या मनात येऊन गेलं. “सगळ्यांनी,” ती म्हणाली. “एकूण एक.”

“आणि तुम्हाला तेव्हाच माहीत होतं.”

“होतं.”

“मला हे समितीला लिहून पाठवावं लागेल.”

“लिहा.” सेबीने दाराच्या कडीला धरलं. “पण याला आधी थांबवा.”

डॉक्टरांनी देर्लिसच्या नावापुढे रेघ ओढली. एवढंच. एक रेघ. देर्लिस उठायला गेला, तोल जाऊन पुन्हा बसला, आणि मग लहान मुलासारखा रडायला लागला.

“मला विकलंत तुम्ही! हनुवटी शिवलीत ना माझी? त्यापेक्षा तेव्हाच मारून टाकायचं होतं!”

“रड,” सेबी म्हणाली. तिलाही रडू फुटत होतं. “काय बोलायचं ते बोल. पण इथे बसून बोल.”

बेरुत्तीला कळलं तेव्हा तो आधी हसलाच. त्याला वाटलं, बाई थट्टा करतेय. मग त्याचा चेहरा उतरला. “सगळ्यांचं सांगितलंत?” त्याने विचारलं. तिने मान डोलावली. “एकट्या त्याला थांबवायला हजार कारणं होती, बाई! पोटात दुखतंय म्हणायचं, पाय मुरगळला म्हणायचं! तुम्हाला नेमकं खरंच सुचलं?” आणि तो मैदानाकडे निघून गेला. नंतर खूप दिवस सेबी विचार करायची की खरंच, पोटात दुखतंय हे तिला का सुचलं नाही. भ्यायलेल्या माणसाला खोटंसुद्धा धड सुचत नाही, हेच खरं.

सामना हातातून गेला. यजमानांनी एक ट्राय मारली, म्हणजे आमच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवून पाच गुण घेतले, वरची दोन गुणांची किकही आत गेली, पाच गुणांची आघाडी गेली आणि दोन गुण अंगावर आले. शेवटच्या मिनिटाला मात्र नशिबाने संधी दिली. त्यांच्याच रेषेपासून पाच मीटरवर चेंडू बाहेर गेला, फेकायचा हक्क आमचा. उंच पोरं दोन ओळींत उभी राहिली. दोन्ही संघांच्या बरोबर मधून, सरळ, चेंडू फेकायचा, आणि आपल्याने तो वरच्या वर झेलायचा. देर्लिस डोळे मिटून करायचा हे काम. तोरिबिओ पडला छत्तीस वर्षांचा भूगोलाचा मास्तर, राखीव खेळाडू, पगार नको म्हणून आलेला. समुद्रावरून वारा सुटला होता. त्याने दोनदा शर्टाला हात पुसले आणि फेकला. चेंडू वाकडा गेला. थेट आमच्याच ओळीत. पंचांनी शिट्टी वाजवली, आणि मग शेवटची लांब शिट्टी.

रग्बीत सामन्यानंतर तिसरा डाव असतो, जेवणाचा. तो चुकवायचा नसतो, कितीही राग असला तरी. यजमानांनी क्लबच्या दालनात लांब टेबलं मांडली होती. आपल्या जागेवर समोरून जो खेळला, त्याच्या शेजारी बसायचं आणि त्याचं ताट आपण वाढायचं, अशी रीत. अंगणात शेगडीवर मांस भाजलं जात होतं, अजून पुरता अंधार पडला नव्हता. बातमी मात्र सगळ्यांना कळली होती. सेबीच्या टेबलावर दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या राहिल्या. तिने ज्याचं बोट बांधलं नाही असा आमचा एकही पोरगा तिथे नव्हता, पण तिच्याकडे बघायला कोणी तयार नव्हतं. तिने ताटाला हात लावला नाही. दर पंधरा मिनिटांनी बघा, असं डॉक्टरांनी बजावलं होतं, आणि ती पंधरा मिनिटं सोडा, पापणीही न लववता देर्लिसकडे बघत होती.

तो समोरच्या टेबलावर, यजमानांच्या हूकरशेजारी बसला होता. राग कुठल्या कुठे पळाला होता. तिला बघून त्याने चक्क हात हलवला. मग शेजाऱ्याला काहीतरी विचारलं. तो दाढीवाला हसून काहीतरी म्हणाला, त्याच्या ताटात मांसाचा तुकडा वाढला. थोड्या वेळाने देर्लिसने पुन्हा विचारलं. दाढीवाल्याने पुन्हा सांगितलं, पण या वेळी हसला नाही. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा दाढीवाल्याचा घास तोंडातच राहिला. त्याने मान फिरवून, भरल्या दालनातून, नेमकं सेबीकडे पाहिलं.

ती उठली तेव्हा खुर्ची मागे पडली.

“न्या सेबी!” देर्लिस खूश झाला. “या, बसा. जिंकलो ना आपण?”

“हरलो, बाळा,” ती म्हणाली आणि त्याची नाडी धरली. “दोन गुणांनी.”

त्याचा चेहरा पडला. अगदी आत्ता, या क्षणी कळल्यासारखा. “अरेरे,” तो म्हणाला. “कसे?”

“शेवटचा थ्रो वाकडा गेला.”

“कोणी टाकला?”

“तोरिबिओने.”

“त्याला रागावू नका कोणी,” देर्लिस लगेच म्हणाला. “वारा होता.”

रुग्णवाहिका यायला सात मिनिटं लागली. तेवढ्यात त्याने दोनदा उलटी केली आणि ते तीनच प्रश्न आणखी तीनदा विचारले. बेरुत्ती कोपऱ्यात तोरिबिओला फैलावर घेत होता, तो मध्येच गप्प झाला. स्ट्रेचर उचलायला पोरं धावली. कोणीतरी सेबीचा डगला आणून तिच्या खांद्यावर टाकला. कोणी, ते तिने बघितलं नाही.

गाडीत तिच्यासोबत तोरिबिओ चढला. त्याला कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नाही. चिखलाचे बूट घालूनच तो देर्लिसच्या पायांशी अंग चोरून बसला. गाडी निघाली. सेबीने एक हात नाडीवर ठेवला, दुसऱ्याने ती त्याच्या पापण्या उघडून बघत होती. दोन्ही बाहुल्या सारख्याच; एखादी मोठी झाली, की डोक्यात रक्तस्राव समजायचा. मिनिटाभराने पुन्हा बघितल्या, सारख्याच. देवा, अशाच राहू देत, ती मनात म्हणत होती. दवाखाना येईपर्यंत तरी अशाच राहू देत.

“न्या सेबी, जिंकलो का आपण?”

“हरलो, बाळा. दोन गुणांनी.”

“अरेरे.” तोच चेहरा, तेच पहिल्यांदा कळलेलं दुःख. “शेवटी काय झालं?”

सेबीने मान खाली घातली.

“थ्रो वाकडा गेला,” पायांशी बसलेला तोरिबिओ म्हणाला. “मी टाकला, देर्लिस. मीच.”

देर्लिसने मान कलती करून त्याच्याकडे बघायचा प्रयत्न केला. तो दिसला की नाही कोण जाणे. पण त्याने हात मात्र चाचपत पुढे केला आणि जे हाताला लागलं, ते मास्तरांचं मनगट, ते थोपटलं.

“असू दे रे,” तो म्हणाला. “वारा होता.”

“हो,” तोरिबिओ म्हणाला. “वारा होता.”

गाडी सिग्नलला थांबली, पुन्हा निघाली. देर्लिस थोडा वेळ डोळे मिटून पडला. सेबी श्वास मोजत होती. मग त्याने डोळे उघडले, तिला ओळखलं, आणि हसून विचारलं, “न्या सेबी, जिंकलो का आपण?”